गाडीच्या पोटातले कुळीथ

डिलाईल रोडला माझ्या कानांची मोठी कीर्ती होती. ती मीच पसरवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. गाडी अजून नाक्यावरच्या सिग्नलला असायची आणि मी इकडे पाना पुसत म्हणायचो, "येतेय बघ, व्हॉल्व्हची तक्रार घेऊन." एकदा तर एक टॅक्सीवाला माझ्यासमोरून नुसता चालत गेला, टॅक्सी त्याच्या घराखाली उभी, आणि मी त्याच्या चालीवरून सांगितलं की तुझा क्लच गेलाय. दुसऱ्या दिवशी खरंच गेला. लोक ही गोष्ट अजून सांगतात. मी आठवण करून देतो म्हणून सांगतात, पण सांगतात.

खरी गोष्ट अशी की मला ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरा नव्हतो. लॉरीचा हॉर्न यायचा, फटाक्यांची माळ यायची, बायकोने तिसऱ्यांदा मारलेली हाक यायची. पण बारीक आवाज, म्हणजे ज्यांच्यावर मेकॅनिकचं पोट चालतं ते, सगळे गिरणीच्या साचाखात्यात राहिले. साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो साचे एका छपराखाली, आणि प्रत्येकात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतोय. आमच्या छपरावरून जाणारा कावळा चक्कर येऊन खाली पडायचा. एकदा छपराचा पत्रा कोसळला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाला कळला नाही. तिथे मी बारा वर्षं काढली.

मग संप झाला. संपाबद्दल मी इथे काही सांगणार नाही. त्यावर बोलणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती आणि मी बोलून बोलून दमलोय. एवढंच सांगतो, गिरण्या बंद पडल्या तेव्हा सगळे म्हणाले, किती शांत झालं. मलाही तसंच वाटलं. पुढे दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांना केव्हाच पुन्हा ऐकू यायला लागलंय. माझ्याकडची शांतता काही उठली नाही.

तोवर मी एका गॅरेजमध्ये पाने उचलायला लागलो होतो. नंतर चाळीच्या भिंतीला ताडपत्री बांधून स्वतःचा धंदा मांडला. ऐकू न येणाऱ्या माणसाने इंजिनचे आवाज कसे ओळखायचे? सोपं आहे. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "थांब, तू काही बोलू नकोस." असं म्हटलं की माणूस बोलतोच. त्याच्या ओठांवरून अर्धं कळतं. मग डोळे मिटायचे आणि बॉनेटखाली तळहात टेकायचा. साच्याच्या लाकडावर हात ठेवून आम्ही धाग्याचा ताण ओळखायचो, तसाच. उरलेलं अर्धं हातातून कळतं. डोळे उघडून आजार सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, काय कान आहे!

अशी वीसेक वर्षं निघाली. माझी गिरणी पाडून तिथे काचेची उंच इमारत उभी राहायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका गुरुवारी सकाळी एक पांढरी छोटी गाडी माझ्या ताडपत्रीसमोर येऊन थांबली. दहा वर्षांची जुनी, पण सांभाळलेली. मागच्या काचेपाशी लोकरीने विणलेलं आवरण. त्यातून माझा जोडीदार उतरला. जोडीदार म्हणजे साच्यावरचा शेजारी. माझे दोन साचे, समोर त्याचे दोन साचे, आणि मधल्या बोळात आमच्या पाठी एकमेकींना घासायच्या. संपानंतर त्याने भाजी विकली, वॉचमन झाला, एका लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, शेवटी गाडी शिकला. आठ वर्षांपासून तो ठाकूरद्वारच्या एका निवृत्त वकिलांचा ड्रायव्हर होता.

"काय रे, आज इकडे?" मी नुसते ओठ हलवून विचारलं. जुनी सवय. साचाखात्यात बोलायला आवाज लागत नाही, ओठ मोठेमोठे हलवायचे असतात. आम्ही दोघं भेटलो की आपोआप तसंच बोलायचो. बघणाऱ्याला वाटायचं, दोन म्हातारे हवा चावतायत.

"गाडीने वाट लावली," तो म्हणाला. "चढावर ओढतच नाही. काल वाळकेश्वरच्या चढावर केळीवाल्याची हातगाडी पुढे गेली."

"भरलेली?"

"भरलेली. वर तो मला विचारतो, काका, ढकलू काय?"

"आणि?"

"आणि वास मारते. सडक्या अंड्यांचा. साहेब शाकाहारी, नाकावर रुमाल. परवा मला आरशातून विचारलं, तुम्ही गाडीत अंडी खाता का?"

"खातोस?"

"मेल्या, मस्करीची वेळ आहे?" त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "साहेब म्हणतात गाडी खडखडते. मी म्हटलं, नाही साहेब. तर म्हणतात, म्हणजे मी खोटं बोलतो? महिनाभर हेच चाललंय. आता रविवारी त्यांचा मुलगा येतोय पुण्याहून. तो कधीचा मागे लागलाय, विकून टाका आणि टॅक्सीने फिरा. साहेब म्हणाले, रविवारपर्यंत नीट झाली तर ठेवू, नाहीतर मुलाचं ऐकू."

त्याने बॉनेटवर हात ठेवला. "गाडी गेली की मीही गेलो रे. पंचावन्नाव्या वर्षी मला कोण नवीन गाडी देतोय?"

मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हटलं, "चालू कर. ऐकू दे."

त्याने गाडी चालू केली. मी डोळे मिटले, हात टेकला, मान डोलावली. सगळा सोहळा रीतसर केला. पण ही गाडी बॉनेटपासून डिकीपर्यंत नुसती थरथरत होती, थंडीतापाच्या पेशंटसारखी. हाताला वेगळं असं काही लागेना. शेवटी मी माझी हुकमी युक्ती काढली. डोळे किलकिले करून विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं," तो म्हणाला.

"काय ऐकलंस?"

"तू काय ऐकलंस ते सांग."

"मी ऐकलं ते ऐकलं. तुझ्या कानाला काय वाटलं ते विचारतोय."

"तेच. तुला वाटलं तेच."

आम्ही दोघं बराच वेळ गंभीरपणे त्या इंजिनाकडे बघत उभे राहिलो. मला वाटत होतं, फक्त माझाच कान गेलाय आणि हा मला पकडणार. त्यालाही नेमकं हेच वाटत होतं, हे नंतर कळलं. वीस वर्षं आम्ही एकमेकांशी ओठांवर बोलत होतो, त्यामुळे एकमेकांचे कान तपासायची वेळच आली नव्हती. आणि समोर त्या काचेच्या इमारतीचं मशीन दिवसभर जमिनीत खांब ठोकत असल्यामुळे आजूबाजूच्या कोणालाही आमच्या गाडीत काही खास वाटलं नाही.

"खडखड म्हणजे डॅशबोर्ड," मी निकाल दिला. "आणि पिकअप नाही म्हणजे कार्बुरेटर."

त्या दिवशी मी कार्बुरेटर उघडून धुतला, हवेचा फिल्टर बदलला, क्लच तपासला, चारही दारांच्या पत्र्यात पुठ्ठे कोंबले. कंबर अशी धरली की उभं राहायला मडगार्डचा आधार घ्यावा लागला. वय माझंही तेच होतं. लोकांना वाटतं गाडीखाली झोपणं म्हणजे झोपणं. तिथे माणूस फक्त आडवा होतो, आराम होत नाही.

शुक्रवारी सकाळी जोडीदार परत हजर.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, आता खडखड जास्त स्पष्ट येते. दारांचा आवाज बंद झाल्यामुळे." तो ताडपत्रीखालच्या बाकड्यावर बसला आणि त्याने चपला काढल्या. "आणि गाडीत पायाखाली पोळतं रे. मला वाटलं माझा मधुमेह वाढला. डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने गोळी वाढवून दिली."

पायाखाली पोळतं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. पण मी त्या वेळी आपल्याला ऐकू येत नाही हे लपवण्यात एवढा गुंतलो होतो की जे दिसत होतं, वास येत होता, पायाला भाजत होतं, त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. मी पुन्हा कार्बुरेटर उघडायला घेतला.

दुपारी समोरचं मशीन जेवणासाठी बंद झालं. तेवढ्यात माझी बायको डबा घेऊन आली. ही मालवणकडची. लग्न होऊन गिरणगावात तीस वर्षं झाली तरी बोलीतला एक शब्द तिने मुंबईला दिलेला नाही. जोडीदार गाडीत बसून रेस देत होता, मी बॉनेटवर डोळे मिटून उभा होतो. ती आली, डबा बाकड्यावर ठेवला आणि माझ्या दंडाला धरून मला वळवलं. मी तिच्याकडे बघत असलो की मला कळतं, हे तिला ठाऊक.

"ह्या गाडयेच्या पोटात कुळीथ कोणी भरल्यान?" ती म्हणाली.

"काय?"

"पत्र्याच्या डब्यात कुळीथ घालून हलवल्यासारख्या वाजता. इतक्या मोठ्यान वाजता आणि तुमी ध्यान लावून उभे!"

"कुठून वाजतं?"

"ता तुमका कळाक व्हया. तुमचो कान मोठो ना?" आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे ओठ लहान करून, "तुमका ऐकाक येना नाय, ता माका लग्नापासून ठावक आसा. गप रवलंय. आता त्या बापड्याची नोकरी जाता हा. खाली सरपटा. तुमी ठोकत जावा, मी सांगतंय."

जोडीदाराला गाडी बंद करायला लावून मी गोणपाट टाकलं आणि गाडीखाली गेलो. हातात लाकडी मोगरी. बायको रस्त्यावर उकिडवी बसली आणि तिने हात गाडीखाली घातला. ठरलं असं की मी इंजिनापासून मागपर्यंत सायलेन्सरच्या पाइपावर ठोकत जायचं आणि कुळीथ वाजले की तिने मूठ आवळायची. जुना मालवणी हात, दोन काचेच्या बांगड्या, बोटाला कांद्याचा वास. पुढच्या पाइपावर ठोकलं, हात उघडा. जोडावर ठोकलं, उघडा. मग पायाखालच्या जागी एक पत्र्याचा फुगीर डबा येतो, त्याच्यावर मोगरी मारली आणि मूठ आवळली गेली. पुन्हा मारली, पुन्हा आवळली. मागच्या मोठ्या सायलेन्सरवर मारली, ती उघडली. परत डब्यावर आलो. मूठ.

हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मातीची भाजलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची विटकर असते. धूर त्यातून गेला की त्याचं विष कमी होतं. विटकर फुटली की तुकडे वाजतात, वितळली की भोकं बुजतात आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. मग गाडी चढ चढत नाही, डबा तापून लाल होतो, वर बसलेल्याचे तळपाय भाजतात आणि मागून सडक्या अंड्यांचा वास येतो. सगळी लक्षणं दोन दिवसांत जोडीदाराने मला तोंडी दिली होती. मी कान लावून बसलो होतो, म्हणून ती निसटून गेली.

तरी खात्री करायची होती. गाडी पुन्हा चालू करून मी मागच्या नळीवर तळहात धरला. निरोगी गाडी हात ढकलते. ही म्हाताऱ्याने चहावर फुंकर घालावी तशी फुंकत होती. मग इंजिन बंद करून पाइप निवायची वाट बघितली, जेवून घेतलं, आणि डब्याच्या पुढचा जोड सोडला. म्हणजे धुराला डब्यात न जाता मधूनच बाहेर पडायची वाट. आता इंजिन मोकळं पळालं तर दोष डब्याचाच.

"दे रेस," मी म्हटलं.

त्याने दिली. आणि काय सांगू! गाडीने जो आवाज काढला तो डिलाईल रोडने संपाच्या आदल्या दिवसानंतर ऐकला नसेल. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. एका घरातला फोटो भिंतीवरून पडला म्हणतात, मी शपथ घेत नाही. इंजिन वाघासारखं मोकळं पळत होतं. जोडीदार गाडीतून बाहेर आला, माझ्या शेजारी उभा राहिला. आणि मी बघितलं, तो हसत होता. मीही हसत होतो.

आम्हाला ऐकू येत होतं.

वीस वर्षांनी काहीतरी बाहेरून आत, अंदाज न करता, सरळ कानात येत होतं. छाती थरथरत होती, दात वाजत होते, अगदी खात्यात असल्यासारखं. आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि वरच्या गॅलरीतून माणसं हात नाचवून ओरडत होती. त्या गोंगाटात कोणाला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. आम्हाला मात्र प्रत्येकाच्या ओठांवरची शिवी नीट वाचता येत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी दिलेली तर मी आजही विसरलो नाही. शिकलेला माणूस.

मी जोडीदाराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तेवढ्यात दोघांनाही कळलं की समोरच्याचेही कान गेलेत.

बायकोने आत हात घालून चावी फिरवली आणि पुन्हा ती नेहमीची शांतता आली.

डबा काढून उलटा केला तर आतून राखाडी तुकडे पडले, कुळथाएवढे, काही वाटाण्याएवढे. उरलेल्या विटकरीचं तोंड काचेसारखं वितळून बसलं होतं. पण विटकर आपोआप वितळत नाही. न जळलेलं पेट्रोल इंजिनातून पुढे येऊन तिच्यात पेटलं तरच वितळते. म्हणजे चार प्लगांपैकी एक नीट पेटत नसणार. मेकॅनिक लोक त्याला मिसिंग म्हणतात. जोडीदाराला गाडी अगदी हळू चालू ठेवायला सांगून मी इंजिनावर हात टेकला. आता कोंडलेली थरथर गेली होती आणि हाताला नीट लागलं: तीन ठोके, मग एक भोक. तीन ठोके, एक भोक. एकेक प्लगची वायर काढून बघितली. तिसऱ्याची काढली तर इंजिनाला काही फरकच पडला नाही. वायरीला चीर गेली होती.

"किती महिने मिसिंग होतं?" मी विचारलं.

"नव्हतं मिसिंग," तो म्हणाला.

"चार महिने तरी असणार. कुठल्याही ड्रायव्हरला पहिल्या दिवशी कळतं. फट् फट् फट् आणि गॅप. वायर तेव्हाच बदलली असती तर डबा वाचला असता."

तो म्हणाला, "आणि तू काल दिवसभर त्याच्यावर डोकं ठेवून उभा होतास. तुला तरी कुठे कळलं?"

मी चीर गेलेली वायर गुंडाळून खिशात घातली.

शनिवारी एका ठोकलेल्या गाडीचा चांगला डबा मिळवून बसवला. शेजारच्या टपरीवाल्यासकट सात जणांनी सल्ला दिला होता की जुन्याचीच विटकर सळईने फोडून काढ, रिकामा डबा लाव, कोण बघतंय. पण वकिलाची गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली असती तर पुन्हा बोट ड्रायव्हरकडेच आलं असतं. वायर बदलली, प्लग बदलला. माझ्या बायकोने चारही बाजूंनी फिरून कान दिला आणि म्हणाली, "आता कायव नाय." मी तिचं म्हणणं जोडीदाराला माझ्या नावावर सांगितलं. लगेच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आता ते चालणार नाही.

एक प्रश्न राहिला होता. वकीलसाहेब विचारणार, डबा का गेला? मी म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

रविवारी सकाळी मी ठाकूरद्वारला गेलो. वाडीच्या तोंडाशी साहेब उभे होते, पांढरं धोतर, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. शेजारी मुलगा. आम्ही चौघं गाडीत बसलो, मी पुढे. वाळकेश्वरचा चढ गाडी अशी चढली की मला मागे वळून केळीवाला शोधावासा वाटला. खडखड नाही, वास नाही. साहेब खूश झाले. वर झाडाखाली गाडी थांबवून म्हणाले, "उत्तम. पण एवढा मोठा बिघाड झाला कशामुळे?"

माझी गोष्ट तयार होती. मी मागे वळून म्हटलं, "साहेब, मे महिन्यात गाडी गावाला गेली होती ना? तिकडे वाटेतल्या एखाद्या पंपावर रॉकेल मिसळलेलं पेट्रोल भरलं गेलं. असल्या पेट्रोलने डबा आतून वितळतो. मी उघडल्यावर अजून रॉकेलचा वास येत होता. मला तर आपली गाडी वाडीच्या नाक्यावर होती तेव्हाच..."

साहेबांनी हात वर केला. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे चूक माझीच. घाटाखालच्या त्या पंपावर मीच भरायला लावलं. हे नको म्हणत होते, पुढे भरू म्हणत होते." ते जोडीदाराच्या पाठीकडे बघत म्हणाले, "महिनाभर मी तुम्हाला वाटेल ते बोललो. अंडी खाता का, असंही विचारलं. माझं चुकलं."

मी मनात म्हटलं, जमलं. पण जोडीदार आरशात बघत होता. त्याने ते सगळं वाचलं होतं. मग तो सावकाश मागे वळला.

"नाही साहेब. हा गोष्टी रचतो, तिकडे सगळ्यांना माहीत आहे. पेट्रोलचं काही नाही. प्लग मिसिंग मारत होता चार महिने, आणि मला ऐकू आलं नाही. मला खडखडही ऐकू आली नाही. ऐकूच येत नाही मला नीट. गिरणीत गेले कान."

मुलगा वडिलांकडे बघायला लागला.

"आठ वर्षं तुम्ही माझ्याशी बोलताय," साहेब म्हणाले.

"आरशात तुमचं तोंड दिसतं."

"आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बोलतो तेव्हा?"

"तेव्हा मी हो साहेब म्हणतो."

साहेब विचार करत होते. "म्हणून त्या दिवशी मी बँकेत चला म्हटलं आणि तुम्ही मला दातांच्या डॉक्टरकडे नेलंत."

"तुम्ही उतरून आत गेलात, म्हणून मला वाटलं बरोबर आलो."

"मी लाजेने गेलो. दात काढून आलो." साहेबांचं पोट हलायला लागलं. हसू दाबत होते. मुलगा मात्र हसला नाही. "बाबा, हे धोक्याचं आहे," तो म्हणाला, आणि बरोबरच म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळले. "पण तुम्हाला कसं ऐकू आलं? तुमचा कान तर म्हणे दोन गल्ल्यांपलीकडून ओळखतो. आमचे हे ड्रायव्हर तेच सांगत असतात."

समोर झाडाखाली माझी गोष्टींची पोतडी उघडी पडली होती, आणि मला तीत हात घालायचा कंटाळा आला. खरंच, कंटाळा. वीस वर्षं एक ओझं वाहावं आणि एका चढावर वाटावं की आता खाली ठेवू या, तसं.

"बायकोने ऐकलं," मी म्हटलं. "मी पण त्याच खात्यातला."

गाडी विकली नाही. साहेबांनी सोमवारी जोडीदाराला परळच्या एका दवाखान्यात कानांच्या तपासणीला नेलं. जाताना तोच चालवत होता, येताना मुलाने चालवली. कानामागे लावायचं यंत्र येईपर्यंत गाडी वाडीतून हलली नाही. पुढेही अट होती, शहरातल्या शहरात चालवायची, घाटात नाही. जोडीदार यंत्र लावून मला दाखवायला आला तेव्हा त्रासून गेला होता. "कबुतरं एवढी बडबडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं," म्हणाला. "आणि साहेब जेवताना गातात रे." चालवताना मात्र डावा तळहात अजूनही गियरच्या दांड्यावर टेकवून असायचा. यंत्राचा त्याला पूर्ण भरवसा नव्हता.

मी यंत्र घेतलं नाही. बातमी डिलाईल रोडला पोचायला एक दिवस लागला. काही गिऱ्हाइकं गेली, टॅक्सीवाला पहिला. त्याचं मला वाईट वाटलं, कारण त्याचा क्लच मी खरंच ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको सूप घेऊन खाली आली आणि ताडपत्रीखालच्या बाकड्यावर तांदूळ निवडत बसली. एक जुना टेम्पो आला, मी बॉनेट उघडलं, हात टेकला. तिने मान वर केली नाही. खडा काढून रस्त्यावर टाकला आणि डावा हात माझ्या दिशेला धरला, पंजा उघडा. मी मागच्या चाकाकडे सरकलो, तशी तिने मूठ आवळली.

आता लोक गाडी आणतात ती तिच्याकडे. मला विचारतात, "वहिनी आहेत का?" नाक्यावरच्या सिग्नलला गाडी उभी असते आणि ही इकडे सुपातून सांगते, बेअरिंग गेलंय. माझा अंदाज आहे की यातलं निम्मं ती रचते.